सहा नोटांचा प्रवास

सोलापूर,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायचे राहिले ते राहिलेच, आणि आज लिहायला बसलो आहे तोही उत्तरासाठी नव्हे, तर एक पेच तुझ्यापुढे टाकण्यासाठी. तेव्हा रागवायचे असेल तर शेवटपर्यंत वाचून एकदमच रागाव. माझी साखर आटोक्यात आहे, सौ.ची पाठ अधूनमधून धरते, बाकी सर्व क्षेम.

गेल्या आठवड्यात वहिनी आल्या होत्या. चहा होण्याआधीच त्यांनी पर्समधून सहा नोटा काढून टेबलावर ओळीने मांडल्या. दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे. सगळ्या कोऱ्या आणि नेहमीच्या शिस्तीप्रमाणे तोंडे एकाच बाजूला. मग एकेक नोट उलटी केली आणि म्हणाल्या, “भाऊजी, मला एवढे दाखवा.” दुसऱ्या कोणाला हे सांगितले तर तो हसेल. तू हसणार नाहीस, कारण आपल्या त्या गोल फिरून येणाऱ्या रेल्वे तिकिटाचे पैसे कोणाच्या पहिल्या पगारातून आले होते, हे तुझ्यामाझ्याखेरीज आता कोणाला ठाऊक आहे?

नोटा उलट्या केल्यावर काय दिसते, हे मी तरी कधी नीट पाहिले नव्हते. दहाच्या नोटेवर कोणार्कचे चाक, वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरवर पाटणची राणी की वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप आणि पाचशेवर लाल किल्ला. २०१६ च्या नोटाबंदीनंतर पाचशेची नोट आली, पुढच्या वर्षी पन्नास आणि दोनशेची, मग दहा आणि शंभरची, आणि २०१९ मध्ये वीसची. म्हणजे वहिनींच्या कॅशियरच्या नोकरीची अखेरची वर्षे या चित्रांच्या सोबतीनेच गेली. त्यांच्या पिंजऱ्यापुढच्या रांगा तुला आठवत असतील. माणसांचे चेहरे पाहायला वेळ नसायचा, पण बोटांखालून जाणारे स्तूप आणि किल्ले मात्र रोज दिसायचे, असे त्या म्हणाल्या. कोणार्कचे चाक तर त्यांनी दोनदा हाताळले, कारण जुन्या वीस रुपयांच्या नोटेवरही तेच होते.

त्यांच्या मंदारने, म्हणजे मुलाने, अर्थातच विरोध केला. त्याच्याकडे एका पर्यटन कंपनीची रंगीत पुस्तिका आहे. त्यात जयपूर, आग्रा, काशीची गंगाआरती, केरळची हाऊसबोट आणि शेवटी कन्याकुमारी, असे सगळे बसवलेले आहे. ही स्थळे वाईट आहेत असे कोण म्हणेल? मी त्याला एवढेच सांगितले, की पुस्तिकेतली यादी ही लोक जिथे जातात त्या ठिकाणांची आहे आणि वहिनींची यादी त्यांनी स्वतः केलेली आहे. त्यावर तो म्हणाला, की मग एक रुपयाच्या नोटेवरचा समुद्रातला तेलाचा मनोराही दाखवा. मी म्हटले, दोन हजारची नोट २०२३ मध्ये परत घेतली हे आपले नशीब, नाहीतर तुझ्या आईला मंगळावर न्यावे लागले असते. पाचच्या नोटेवरचा ट्रॅक्टर मोहोळच्या रस्त्यावर रोज दिसतो, त्याचे तिकीट नको. वहिनी हसल्या, पण नोटा त्यांनी उचलल्या नाहीत.

आता खरा घोर सांगतो. नकाशावर हे सहा ठिपके लावून पाहा. कोणार्क ओडिशात समुद्रकाठी, पाटण गुजरातेत जवळजवळ वाळवंटाच्या तोंडाशी, लाल किल्ला दिल्लीत आणि हंपी तुंगभद्रेकाठी. कोणत्याही कंपनीच्या सहलीत हे एकत्र येत नाहीत आणि यायचे कारणही नाही. वहिनी म्हणतात, सगळे एकदमच करायचे. मी म्हणतो, तीन भाग करू: जवळची हंपी आधी, मग वेरूळ, सांची, दिल्ली आणि पाटण असा उत्तरेचा पट्टा, आणि कोणार्क स्वतंत्र. त्यांच्या गुडघ्याचा विचार केला तर माझेच बरोबर आहे, आणि डॉक्टरांचेही मत तेच पडले. पण तीन भाग म्हटले की दुसरा भाग आपोआप ‘पुढच्या वर्षी’ होतो, आणि त्या घरात ‘पुढच्या वर्षी’ या दोन शब्दांचे काय झाले हे तू दादांच्या तोंडून माझ्याइतकेच ऐकले आहेस. वहिनींनी ते बोलून दाखवले नाही. कॅलेंडरकडे मात्र पाहिले.

हंपीबद्दल मला शंका नाही. इथून विजापूर, बागलकोट, गदग करत होस्पेटला उतरायचे आणि पुढे रिक्षा. पूर्वीच्या मीटरगेजच्या डब्यात आपण जसे भाजून निघालो होतो तसे आता होत नाही. विठ्ठल मंदिराच्या अलीकडे गाड्या थांबवतात, पण तिथून बॅटरीवर चालणारे वाहन मिळते, म्हणून गुडघ्याची सोय आहे. तो प्रसिद्ध रथ म्हणजे खरे तर गरुडाचे छोटे मंदिर, हे सांगितल्यावर वहिनींना ते फार पटले, कारण विठ्ठलासमोर गरुडच हवा. पण त्यांना रथापेक्षा त्यामागच्या मंदिराचा गाभारा पाहायचा आहे. कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती विजयनगरला नेली आणि नाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा त्यांनी लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली. तो गाभारा आज रिकामा आहे. १५६५ च्या लढाईनंतर त्या नगराची धूळधाण झाली, मूर्तीचे नक्की काय झाले यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. पंढरपूरच्या शेजारी आयुष्य काढलेल्या बाईला तो रिकामा गाभारा पाहून काय वाटेल, हे मला जवळून पाहायचे आहे. सहाही ठिकाणांत मला स्वतःला सर्वांत जास्त ओढ याच ठिकाणाची आहे, आणि ती पन्नासच्या नोटेमुळे सुटली नाही याबद्दल मी त्या नोटेचा ऋणी आहे.

वेरूळला गाडीने तुळजापूर, बीडवरून जाऊ. वाटेत भवानीचे दर्शन होईल म्हणजे मंदारचेही समाधान. कैलास लेणे वरून खाली कोरत आणले आहे, आधी कळस आणि मग पाया, हे वहिनींना सांगितले तर त्या म्हणाल्या, “म्हणजे चुकायला वावच नव्हता. आमच्या कॅशसारखे.” राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातल्या त्या कारागिरांना इतकी नेमकी दाद कोणी दिली असेल असे वाटत नाही. तिथून मनमाड आणि मनमाडहून कर्नाटक एक्स्प्रेसने भोपाळ, म्हणजे तुझे घर. सांची दाखवण्याची जबाबदारी तुझी, हे मी परस्पर ठरवून टाकले आहे. तिथे तोरणांपुढे उभा राहून नुसता अशोकाचा पाढा वाचू नकोस. दक्षिणेच्या तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या मुखियाचे, आनंदाचे नाव कोरलेले आहे, आणि विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी तिथले काम केले असेही लिहिले आहे, ते त्यांना वाचून दाखव. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे. ज्या टेकडीवर १८१८ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ती वास्तू झाडीत पडलेली दिसली, तिथे आपल्याकडच्या राजाचे नाव आहे, हे त्यांना ऐकायला आवडेल.

पाटणचा मात्र मला धसका आहे. अहमदाबादपासून ते सव्वाशे किलोमीटर, तो त्रास नाही. ती विहीर सत्तावीस मीटर खोल आहे आणि पाहायची म्हणजे पायऱ्या उतरायच्याच. राणी उदयमतीने पती भीमदेव सोलंकीच्या स्मरणार्थ अकराव्या शतकात बांधली असे म्हणतात. सरस्वतीच्या पुराने ती गाळात गेली आणि गेल्या शतकात उत्खनन होईपर्यंत बहुतेक भाग मातीखालीच राहिला, म्हणून शिल्पे इतकी शाबूत. मी म्हटले, वरच्या कठड्यावरून पाहिली तरी चालेल. वहिनींनी विचारले, “नोटेवरचे चित्र वरून काढले आहे की खालून?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी बांधलेली विहीर त्यांना खाली उतरूनच पाहायची आहे, आणि तिथे मी वाद घालणार नाही.

आता ताजमहाल. भोपाळहून दिल्लीला जाताना आग्रा वाटेतच आहे, गाडी थांबते, आणि घरातला प्रत्येक जण म्हणतो आहे की दिल्लीपर्यंत जाऊन ताज न पाहता आलात तर लोक वेड्यात काढतील. वहिनींचे उत्तर एकच: नोटेवर नाही. मला हा हट्ट पुरता पटत नाही. तुला आनंद होईल हे ठाऊक आहे, कारण गोलघुमटाला कोणी प्रेमकथा चिकटवली नाही म्हणून तो मागे पडला, हे तुझे जुने रडगाणे मी विजापूरच्या स्टेशनापासून ऐकत आलो आहे. चव्वेचाळीस मीटर व्यासाचा घुमट मधल्या एकाही खांबाशिवाय उभा आहे हे मान्य. पण तो मोठा आहे आणि ताज सुंदर आहे, आणि या वयात तरी तू हे कबूल करायला हरकत नाही. तुझा दुसरा मुद्दा, की मुमताज १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला वारली आणि आधी तिथेच पुरली गेली, म्हणून ताजवर पहिला हक्क बुऱ्हाणपूरचा, तो मी वहिनींना सांगितला. त्या म्हणाल्या, “मग गाडीतून बुऱ्हाणपूर दिसेल तेव्हा नमस्कार करू.” आता तूच सांग, यादीत एक भर घालावी की यादीचा मान राखावा? त्यांना ताजसमोर नेले तर त्या पाहतील, चांगले म्हणतील, पण ते मी दाखवलेले असेल. बाकीचे सहा त्यांचे आहेत. माझा कल न नेण्याकडे झुकतो आहे आणि लिहिता लिहिता तो अधिकच झुकला.

शिवाय वारांचे गणित आहेच. वेरूळ मंगळवारी बंद, लाल किल्ला सोमवारी बंद, ताज शुक्रवारी बंद. ताज गाळला की एक वार मोकळा होतो. लाल किल्ल्यात वहिनींना दिवाण-ए-खास पाहायचे आहे, कारण तिथल्या छताची चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी काढून घेतली, हे मी बोलून गेलो. कॅशियरचा प्रश्न: “पावती दिली होती का?”

राहिले कोणार्क. मुंबईहून भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्स्प्रेस सोलापूरवरून जाते. वहिनींनी स्टेशनवर दादांना आणा-पोचवायला जाताना तिची घोषणा वर्षानुवर्षे ऐकली आणि एकदाही तिच्यात पाऊल ठेवले नाही. जवळच पुरी असल्यामुळे जगन्नाथाचे दर्शन होईल आणि ‘तीर्थयात्रा’ हा शब्दही मंदारला वापरता येईल. नरसिंहदेवाने तेराव्या शतकात बांधलेल्या त्या मंदिराचा मुख्य शिखरभाग कोसळलेला आहे, उरलेल्या मंडपात इंग्रजांच्या काळात वाळू भरून दारे बंद केली, पण चोवीस चाके आहेत आणि जमीन सपाट आहे. चाकाच्या सावलीवरून वेळ कळते यावर तू तिथे घड्याळ काढून मांडलेला वाद मी विसरलेलो नाही. त्या वादापायी पुरीची बस गेली आणि आपल्याला रात्री फक्त केळी मिळाली. परत आल्यावर वहिनींनी विचारले होते, “कसे आहे कोणार्क?” आणि आपण दोघांनी बसचीच गोष्ट सांगितली.

म्हणून तुझा सल्ला हवा आहे. माझ्या मनात असे आहे की दिवाळीनंतर हंपी, डिसेंबरमध्ये वेरूळपासून पाटणपर्यंत, आणि संक्रांतीच्या आत परत, कारण गड्डा यात्रेत नंदीध्वज निघताना वहिनी सोलापूरबाहेर राहणार नाहीत. मग फेब्रुवारीत कोणार्क. पुढचे वर्ष त्यात येतेच, पण तिकिटे आत्ताच डोळ्यांसमोर ठेवली तर ते ‘पुढच्या वर्षी’ ठरत नाही, असे मी त्यांना सांगणार आहे. आरक्षण साठ दिवस आधीच उघडते, म्हणून कोणार्कचे तिकीट आज हातात देता येत नाही, ही एक अडचण. तू त्यांना फोन करून ‘मीही पुरीला येतो’ एवढे म्हणालास तर त्यांचा विश्वास बसेल; माझ्या शब्दाला त्या घरात तेवढे वजन उरलेले नाही, आमच्या घराण्याचीच ती ख्याती आहे.

तुझ्या मोतीबिंदूचे काम नीट झाले हे वाचून बरे वाटले. नातवाला कोणत्या शाळेत घातले ते तू लिहिले होतेस, पण ती ओळ चहाच्या डागाखाली गेली. घराच्या गच्चीची गळती थांबली का? नलिनीताईंना नमस्कार सांग आणि आम्ही येऊ त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकात अडकून पडू नये, सांचीला बरोबर यावे.

डिसेंबरची तारीख तुझ्या सोयीची सांग, आठवड्याच्या आत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन येतोच. चटणी किती आणू ते मात्र स्पष्ट लिही, कारण मागच्या खेपेची अर्धा किलो शेजाऱ्यांनीच संपवली अशी तू तक्रार केली होतीस, आणि ती मला अजूनही खरी वाटलेली नाही.

तुझा,
शरद