रस्ता कोणाचा, हे पडणाऱ्याने शोधायचे?

संपादक महोदय,

नौपाड्यात गेली १९ वर्षे मी पोळीभाजीचे डबे देते. गेल्या कार्तिकी एकादशीच्या संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याच्या आमटीचे सहा डबे दोन पिशव्यांत घेऊन ठाण्यातल्याच एका रहदारीच्या रस्त्याने चालले होते. पदपथावर विटा रचून ठेवलेल्या, म्हणून खाली उतरले. तिथे एका चेंबरचे झाकण तिरपे पडलेले आणि त्यावर सिमेंटचे रिकामे पोते अंथरलेले. ते कोणी आणि कशासाठी अंथरले, देव जाणे. डावा पाय मांडीपर्यंत आत गेला, सगळा भार उजव्या हातावर आला आणि मनगट मोडले. एका रिक्षावाल्याने काखेत हात घालून मला वर ओढले. आज मनगटात प्लेट आणि सात स्क्रू आहेत. रस्त्याचे आणि संबंधित कार्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भरपाईचे प्रकरण सुरू आहे.

रुग्णालयात तरुण डॉक्टरांनी विचारले, "काकू, कशा पडलात?" मी म्हणाले, "पाय घसरला." पाय घसरला नव्हता. पायाखाली जमीनच नव्हती. पण आपल्याकडे चारचौघांत पडले की पडणाऱ्यालाच लाज वाटते, आणि तोंडून तेच निघते. डॉक्टरांनी ते तसेच केसपेपरवर लिहिले. कोणी मारले नाही, गाडीने उडवले नाही, बाई आपणहून घसरली, म्हणून पोलिसांकडे वर्दीही गेली नाही. माझ्या दाव्याला पहिला सुरुंग मीच लावला होता, तोही भुलीचे इंजेक्शन मिळण्याआधी.

सहा आठवडे हात गळ्यात होता. केस विंचरायला सून, डब्यांची भाजी करायला शेजारच्या वहिनी. डिसेंबरच्या अखेरीस पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब काही वाईट वागले नाहीत, पण पहिला प्रश्न "कोणी ठोकलं का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. अर्ज घेतला, माझ्या प्रतीवर शिक्का दिला. तो शिक्काही पुढे उपयोगी पडला.

एका गिऱ्हाईकाने सांगितले म्हणून कोर्टनाक्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे मला वयाच्या ५४ व्या वर्षी कळले. (१५१०० हा त्यांचा मदतीचा क्रमांक आहे. कुठेतरी लिहून ठेवा.) ज्या वकील ताई मिळाल्या त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझी हकिगत निम्म्यात थांबवून विचारले, "काकू, तारीख सांगा. आणि रस्ता कोणाचा?"

तारीख पाठ होती. रस्ता कोणाचा, हे मी जन्मात विचारले नव्हते.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही, हे त्यांनी मला समजावले. रस्ता महापालिकेचा असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ४८७ लागते. आधी लेखी नोटीस द्यायची, महिनाभर थांबायचे, आणि तरी दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा. म्हणजे हातात खरे पाचच महिने. त्यातले दोन माझे गळ्यातल्या हातासोबत गेले होते. रस्ता राज्य सरकारच्या खात्याचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस, ती दोन महिन्यांची. रस्ता चुकला की नोटीस चुकते आणि नोटीस चुकली की मुदत हातची जाते. इतकी करडी शिस्त जखमी माणसाला. झाकण उघडे टाकणाऱ्याला असे घड्याळ कोणी लावलेले मी पाहिले नाही.

ठाण्यात महापालिकेचे रस्ते आहेत, सार्वजनिक बांधकाम विभागाचे आहेत, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचेही आहेत. वरचा पूल एकाचा, खालचा रस्ता दुसऱ्याचा असे असू शकते. शिवाय गॅस, वीज, केबलवाले परवानगी घेऊन खोदतात ते वेगळेच. मी डाव्या हाताने सही करून एका कार्यालयात माहितीचा अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागला. माहिती अधिकारात एक सोय फार चांगली आहे. अर्ज चुकीच्या दारात गेला तर त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. मालक शोधायला मला तीच उपयोगी पडली. उत्तराची वाट न पाहता वकील ताईंनी तीन कार्यालयांना नोटिसा धाडल्या. म्हणाल्या, "ज्याचा नसेल तो नाही म्हणेल. त्याचं ते 'नाही' लेखी मिळेल, आपल्याला तेच हवंय." तसेच झाले. दोघांचे 'आमचा नाही' आले. तिसऱ्याने लिहिले, काम कंत्राटदाराकडे असल्याने जबाबदारी त्याची.

यावर वकील ताईंनी मला दिल्लीच्या चांदणी चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याची गोष्ट सांगितली. तो कोसळून माणसे मेली. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या महापालिकेला जबाबदार धरले. रस्त्यालगतचे बांधकाम तुमचे, ते सांभाळणे तुमचे काम. दोष तुम्हाला ठाऊक नव्हता ही सबब चालायची नाही. धड सांभाळलेला मनोरा आपोआप पडत नसतो. मी म्हटले, मग झाकणही आपण होऊन उठून बाजूला बसत नाही.

आता मुख्य मुद्दा. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलबद्दल आदेश दिला. मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमीला दुखापत पाहून ५० हजार ते अडीच लाख. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे ठरवणार. अर्ज आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे. आधी यंत्रणेने भरायचे, मग दोषी अधिकारी किंवा कंत्राटदाराकडून वसूल करायचे. म्हणजे कंत्राटदाराला हुडकत फिरणे हे माझे काम नाही. हा आदेश माझ्या पडण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधीचा. त्या संध्याकाळी रुग्णालयात, नंतर पोलीस ठाण्यात, कोणाच्या तोंडी त्याचा उल्लेख नव्हता. समितीकडे अर्ज केला म्हणून दिवाणी दाव्याचे सहा महिने थांबत नाहीत, हेही वकील ताईंनी बजावले आहे. मेच्या सुरुवातीपर्यंत मला दोन्ही घड्याळे बघायची आहेत.

पुराव्याचे म्हणाल तर मला वाचवले एका फुलवाल्याच्या मुलाने. त्याने त्याच संध्याकाळी झाकणाचे आणि पोत्याचे चार फोटो काढले होते, तारीखवेळेसह. मला दाखवायला नव्हे, मित्रांना पाठवायला! रिक्षावाल्या दादांनी स्टॅम्पपेपरवर जबानी दिली, भाड्याचे नुकसान सोसून. केसपेपरची दुरुस्ती मात्र होत नाही म्हणे. डॉक्टरांनी वेगळे पत्र दिले, त्यात दुखापत खोल खड्ड्यात पडल्याशी सुसंगत असल्याचे लिहिले आहे.

सगळ्यात जड गेले ते उत्पन्न दाखवणे. नोकरदाराची पगाराची पावती असते. माझ्याकडे शंभर पानी वह्या. कोणाचा डबा कधी बंद होता, कोणाचे पैसे बाकी, कोणाला मीठ कमी. वकील ताईंनी त्या वह्या, मोबाइलवर आलेले पैसे आणि वाण्याची गव्हाची बिले शेजारी शेजारी लावली. नोव्हेंबरपर्यंत २२ डबे, जानेवारीत नऊ. गहू महिन्याला ६० किलोवरून २५ वर. पोळ्या लाटायला दोघी जणी ठेवल्या, त्यांची मजुरी वेगळी. माझी स्वतःची लाटण्याची मूठ अजून आवळत नाही. हिशेब असा मांडलेला पाहून माझे मलाच रडू आले. व्यवसाय एवढा होता हे मी कधी बेरीज करून पाहिले नव्हते.

आपल्याकडे एक मागणे आहे. खड्ड्यात कोणी पडले की आपण खड्ड्याची खोली छापता, फोटो छापता. त्यासोबत रस्ता कोणाचा, ही एक ओळ छापा. बातमीवरूनही समितीला दखल घेता येते, त्यामुळे ती ओळ जखमीचे दोन महिने वाचवील. कार्यालयांनी रस्त्याच्या मालकाचे हेच नाव विजेच्या खांबावर आणि चेंबरच्या झाकणावर कोरावे. आणि वाचकांनी पडल्यावर "घसरले" म्हणू नये. जे झाले ते सांगावे, "उघड्या चेंबरमध्ये पडले" असे, आणि केसपेपरवर तसेच लिहिले आहे का ते वाचून मगच आत जावे.

समितीकडच्या माझ्या अर्जाला हा पाचवा आठवडा. पाडव्याच्या पुरणपोळ्यांची ऑर्डर यंदा घेतलेली नाही. आठ आठवडे भरले की काय झाले ते आपल्याला कळवीन.

एक पोळीभाजी केंद्रचालक, नौपाडा, ठाणे
(प्रकरण सुरू असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)