पीटीएममध्ये गुणांपलीकडचंही विचारा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सहामाहीनंतर मुलाच्या शाळेत पीटीएमला, म्हणजे पालक-शिक्षक सभेला, गेले होते. वर्गशिक्षिका एकेकाचे गुण मोठ्याने वाचत होत्या आणि मागची सगळी रांग ऐकत होती. माझ्या पुढच्या बाईंची मुलगी पूर्ण वेळ मान खाली घालून उभी होती. आमचा नंबर आला. “गणितात घसरलाय, घरी लक्ष द्या.” झालं! मुलगा रात्री दोनपर्यंत जागा असतो, डबा न खाता परत आणतो, हे सांगायला तोंड उघडेपर्यंत पुढचं नाव पुकारलं गेलं.

दोष एकट्या शाळेचा नाही. घरी आम्ही दोघंही “किती मिळाले?” एवढंच विचारत होतो. तो संध्याकाळी खाली खेळायला जायचा बंद झालाय, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते त्याच्या आजीच्या. मग समुपदेशकांकडे गेलो. आता झोप सावरली आहे. गणित अजून सावरायचंय, पण तो जेवताना पुन्हा बोलू लागलाय आणि मला आज तेवढं पुरे आहे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. गुणांवरून मुलांच्या बॅचेस पाडू नयेत, चारचौघांत त्यांना लाजवू नये, पालकांसाठीही जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, असं त्यात आहे. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगवाल्यांनाही हे लागू आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक ठळक लावायचा, हेही त्यात आहे. आमच्या शाळेत तो मला कुठेच दिसला नाही.

इंदूरच्या मराठी मंडळांनाही एक विनंती. गणेशोत्सवात आपण नव्वद टक्क्यांवरच्या मुलांचा सत्कार करतो, जरूर करावा. त्याच मांडवात एक संध्याकाळ समुपदेशकांना बोलवा आणि आईवडिलांना, विशेषतः वडिलांना, पुढच्या रांगेत बसवा. पीटीएमला बहुतेक आयाच दिसतात.

पीटीएममध्ये प्रत्येक पालकाला दार लावून दहा मिनिटं द्यावीत आणि समुपदेशकांनीही तिथे बसावं, असं मी मुख्याध्यापकांना लेखी दिलं आहे. उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
एक आई, सुदामा नगर, इंदूर