बापाला वॉर्डाबाहेर का ठेवता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाचे लेख येतात. सल्ले चांगले असतात, पण सगळे आईला. मी दहा महिन्यांच्या मुलीचा बाप आहे, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाप बारशाला पाहुण्यासारखा जातो, बाळाला क्षणभर मांडीवर घेतो आणि संध्याकाळच्या एसटीने परततो. दूध उतरायचे, बाळाने अंगावर प्यायला शिकायचे जे दिवस, नेमका तेव्हाच तो घरात नसतो. आम्ही बाळंतपण आमच्याच घरी केलं. त्यावरून बरीच बोलणीही खाल्ली.

तिसऱ्या रात्री पोर रडून लालबुंद झाली. बायकोची छाती दगडासारखी घट्ट, बाळाला तोंडात धरताच येईना. घरातली मंडळी म्हणाली, ‘हिला दूधच पुरत नाही, पावडरच्या दुधाचा डबा आण.’ मी मेडिकलच्या काउंटरवर डबा हातात घेऊन उभाही होतो. तिथूनच ओळखीच्या सिस्टरना फोन लावला. त्यांनी विचारलं, ‘दिवसभरात लंगोट किती ओले झाले?’ मला सांगता येईना. गरम पाण्यात पिळलेल्या कपड्याने शेकायला, थोडं दूध हाताने काढून मग बाळाला घ्यायला त्यांनी सांगितलं. डबा परत ठेवला. घरी येऊन प्रत्येक ओल्या लंगोटामागे कॅलेंडरवर पेन्सिलीने एक रेघ मारायला लागलो. सातव्या दिवशी आठ रेघा झाल्या, आणि ‘पुरत नाही’ हे शब्द घरातून गेले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. बाकीच्या घरांत पाणी, मध, गाईचं दूध किंवा डबा आलाच. तो डबा आणायला दुकानात बहुधा बापच जातो. ताणाने, दुखण्याने, टोमण्यांनी पान्हा अडतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. रात्री उठून बाळ आईजवळ देणं, मग खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवणं, एवढं कुणालाही जमतं. ‘उन्हाळा आहे, दोन चमचे पाणी पाजा’ हे थांबवणं मात्र त्याचंच काम. सुनेने सांगितलं तर तो उद्धटपणा ठरतो, मुलाचं ऐकतात.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांपर्यंत पगारी रजा मिळते, ती योग्यच. केंद्र सरकारी कर्मचारी असेल तर बापाला १५ दिवस. खासगी नोकरीत बापासाठी कायदाच नाही. मी वार्षिक रजेतले पाच दिवस काढले.

रजेचा कायदा होईल तेव्हा होवो. पण दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. नवरे बाहेर मोटारसायकलवर बसून असतात. त्यांना दहा मिनिटं आत बोलवा. बाळंतपणानंतर सिस्टर बाळाला अंगावर कसं घ्यायचं ते दाखवतात, तेव्हाही नवऱ्याला बाहेर काढू नका. पडदा ओढा, पण त्याला आत राहू द्या. याला एक रुपयाही लागत नाही.

– एक वाचक, सातारा