पुष्पकवाल्या काकांना, नोजव्हीलबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतंच ‘काका’. जुहूला पुष्पक विमानांच्या पोटाखाली झोपून आयुष्य काढलेले इंजिनिअर आता मोजकेच उरलेत. ओळखणारे ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

भांडुपच्या गाळ्यात मी आरव्ही-९ हे किटमधलं छोटं विमान बांधतोय हे आता सगळ्यांना माहीत झालंय. शेपूट झालं, पंख झाले. शेपटीला चाक (टेलव्हील) असो की नाकाखाली (नोजव्हील), तिथवर सगळं सारखंच, त्यामुळे निवड लांबणीवर टाकता येत होती. फ्युजलाजचं, म्हणजे विमानाच्या धडाचं, किट मागवताना मात्र रकान्यात खूण करावीच लागते: ९ की ९ए. ‘ए’ म्हणजे नाकाखाली चाक. आणि पुढे मन बदललं तर चाक इकडचं काढून तिकडे लावलं, असं होत नाही. टेलव्हीलवाल्यात मुख्य चाकांचे पाय थेट इंजिन माउंटमध्ये, म्हणजे इंजिन धरणाऱ्या सांगाड्यात, बसतात. ए-वाल्यात ते मागे सरकून फ्युजलाजमधल्या पोलादी ब्रॅकेटवर येतात आणि माउंटला नाकाचा पाय जोडला जातो. माउंट वेगळा, ब्रॅकेट वेगळे. म्हणजे हाडंच वेगळी.

सल्ले द्यायला माणसं कमी नव्हती. ‘टेलव्हील उडवतो तोच खरा वैमानिक’ हे तर मी इतक्यांदा ऐकलं की त्यातल्या कितींनी टेलव्हील उडवलंय, हे विचारायची सोय राहिली नाही. दिसायलाही ते विमान देखणं, नाक वर करून उभं. माझं मन तिकडेच होतं. आणि तुम्ही तर पुष्पकवाले! एचएएलचं पुष्पक १९५८ साली पहिल्यांदा उडालं, शेपटीला चाक असलेलं, आणि आपल्या फ्लाइंग क्लबांतली किती पोरं त्यावर शिकली. तुमचं मत कुठे पडणार हे मी गृहीतच धरलं होतं.

तुम्ही आलात ते पार्ल्याहून दादरला गाडी बदलून, मे महिन्याच्या दुपारी. मत दिलंच नाहीत. शेजारच्या गाळ्यातली माल वाहायची ट्रॉली मागवलीत, एका टोकाला दोन घट्ट चाकं आणि दुसऱ्या टोकाला दोन फिरकी चाकं असलेली. मधोमध अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांचं खोकं ठेवलंत. आधी फिरकी चाकं पुढे ठेवून ढकलून सोडलीत, ती सरळ जाऊन भिंतीला टेकली. मग फिरवून घट्ट चाकं पुढे. हातभर नीट गेली, मग मागचं टोक एका बाजूला सरकायला लागलं, सरकलं ते सरकतच गेलं आणि ट्रॉली उलटं तोंड करून उभी राहिली. ‘हा तुझा ग्राउंड लूप,’ एवढंच बोललात, म्हणजे जमिनीवर धावताना विमानाचं असं गरकन फिरणं.

त्यानंतर पंखाच्या पुढच्या कडेपासून ओळंबा सोडलात आणि जमिनीवर खडूने तीन रेघा मारल्यात. एक गुरुत्वमध्याची, एक त्याच्या पुढे टेलव्हीलवाल्याच्या मुख्य चाकांची, एक मागे नोजव्हीलवाल्याची. पुस्तकात वाचलेलं तेव्हा डोक्यात बसलं. वजन चाकांच्या मागे असेल तर विमान जरा वाकडं झालं की ते वजन वाकडेपणा वाढवतं. पुढे असेल तर तेच वजन ओढून सरळ करतं. जोरात टेकलं तरी हाच हिशोब. टेलव्हीलवाल्यात मागचं वजन शेपूट खाली दाबतं, पंखाचा कोन वाढतो आणि विमान पुन्हा उचललं जातं. नोजव्हीलवाल्यात नाक खाली पडतं, कोन घटतो, विमान बसतं.

पण टेलव्हीलची बाजूही तुम्ही दाबून ठेवली नाहीत, काका, याचं मला जास्त अप्रूप. नाकाचा पाय नाही म्हणजे वजन कमी, वाऱ्याला अडथळा कमी (आरव्हीत तो फरक ताशी एक-दोन मैलांचा, हे सांगताना तुम्ही हसलात). नाकावरचा पंखा (प्रोपेलर) जमिनीपासून उंच, त्यामुळे खडे-गवत लागत नाहीत. भुसभुशीत जमिनीत नाकाचं चाक रुतून पाय मागे दुमडला तर विमान पाठीवर पडतं, ती भीती इथे नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून पस मॉथ हे छोटं विमान घेऊन जुहूला उतरले तेव्हा तिथे पक्की धावपट्टी कुठली? पावसाळ्यात तर चिखल, म्हणून टाटांचं बिऱ्हाड पुण्याला हलायचं. तुमचा मुद्दा असा की मैदानावर वाऱ्याच्या तोंडावर हव्या त्या दिशेने उतरता यायचं, तिथे शेपटीवर टेकणारं विमान शोभायचं. डांबरी पट्टी आली, दिशा ठरून गेली आणि आडवा वारा हे रोजचं दुखणं झालं. १९५६ साली सेस्ना या अमेरिकन कंपनीने आपल्या १७० विमानाच्या नाकाखाली चाक देऊन १७२ विकायला काढलं, त्यामागे हेही होतंच.

मग तुम्ही मला तीन प्रश्न विचारलेत. उतरणार कुठे? धुळ्याला, डांबरावर. शिकवणार कोण? क्लबात सेस्नाची १५२ आणि १७२, दोन्ही नोजव्हीलवाली, शेपटीवरचं विमान शिकवायला ना विमान ना हात. आणि उडवणार किती? नोकरी अंधेरीत, विमान धुळ्याला, मध्ये कसारा घाट. जमेल तेव्हा शनिवार-रविवार, जून ते सप्टेंबर जवळजवळ काहीच नाही. ‘टेलव्हीलला पाय रोजचे लागतात. ऑक्टोबरात तुझे पाय रडर विसरलेले असणार,’ असं म्हणून (रडर म्हणजे पायांनी चालवायचं शेपटीचं सुकाणू) तुम्ही खडू खिशात टाकलात. ज्यांचा जीव पुष्पकवर, त्यांनी मला नोजव्हील घ्यायला सांगितलं. स्वतःची आवड बाजूला ठेवून समोरच्याची गरज बघणारा सल्लागार मला तरी दुसरा भेटला नाही.

वर ताकीदही दिलीत. नाकाचं चाक टेकवण्यासाठी नाही, वळण्यासाठी. मुख्य चाकांवर उतरायचं, स्टिक (हातातला दांडा) पोटाशी, नाक आपसूक खाली येईपर्यंत धरून ठेवायचं. कच्च्या पट्टीवर तर टॅक्सी करतानाही, म्हणजे जमिनीवर चालवतानाही, स्टिक मागेच. हे वाक्य कागदावर लिहून पॅनेलच्या जागी चिकटवलंय. पॅनेल अजून यायचंय, कागद आलाय.

कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ ला बीकेसीच्या प्रदर्शनात बघितलं, तेव्हापासून हे खूळ डोक्यात आहे. खूळ माझं एकट्याचं, पण त्याला सरळ उभं राहायला तुमचा हात लागला. मानधनाचं नाव काढलं तर तुम्ही चिडलात, म्हणून निदान चारचौघांत आभार मानतो. मनापासून आभार, काका. काकूंचेही, कारण त्या दुपारी तुम्हाला बाहेर पाठवायला त्यांचा ठाम विरोध होता हे मला कळलंय.

९ए ची ऑर्डर गेली. ब्रॅकेट लावून झाले की तुम्हाला बोलावणारच आहे, त्यांच्या बोल्टांवर तुमची नजर फिरल्याशिवाय मी पुढचा पत्रा बंद करणार नाही. पुढे वजन करायला तीन काटे लागतील. दोन मिळालेत, तिसरा कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे बघून ठेवलाय. तो खरं वजन दाखवतो की नाही ते मात्र तुम्हीच येऊन ठरवा. गाडी मी पाठवतो, या वेळी दादरला बदलायचं नाही.

तुमचा,
भांडुपचा गाळेवाला