गुडघ्याचे २२ टक्के

सातारा, रविवार रात्र

प्रिय सुऱ्या,

दीड वर्ष तुझा फोन उचलला नाही. शिव्या घालायच्या असतील तर समोर येऊन घाल. तब्येत ठीक, आईची शुगर आटोक्यात. पण परवा जे झालं, ते खंबाटकी घाटातल्या अपघाताच्या रात्री ट्रकच्या केबिनमध्ये असलेल्यालाच सांगता येईल.

अपघाताच्या भरपाईच्या क्लेमसाठी मेडिकल बोर्डापुढे गेलो होतो. हाडाच्या डॉक्टरांनी कोनमापकासारखी पट्टी डाव्या गुडघ्याला लावली, वाकव म्हणाले, आकडा टिपला. दहा मिनिटांत २२ टक्के अपंगत्व. क्लच दाबता येतो का, एवढंही कुणी विचारलं नाही.

वकीलसाहेब म्हणाले, टक्क्यावर थांबायचं नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं. डावा हात तुटला तर कागदावर ६० टक्के असतील, पण ड्रायव्हरची नाहीतर सुताराची कमाई जवळजवळ सगळीच जाते. सरकारी कारकुनाची कदाचित काहीच जात नाही. तू भांडायचास ना, ड्रायव्हरकी म्हणजे नुसतं स्टिअरिंग फिरवणं? घे, आता कोर्ट माझ्या बाजूनं आहे!

खरी गोष्ट पुढेच आहे. वकिलांनी मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. बाई तरुण, शांत. दीड तास बसवून घेतलं. झोप किती लागते, माणसांत मिसळतोस का, बोललेलं ध्यानात राहतं का, काम किती होतं. मग म्हणाल्या, "त्या रात्री ऐकू काय आलं?"

सुऱ्या, मी पाप्याची हाक सांगितली. "दादा, पाय, पाय." आणि मला मान वळवता येत नव्हती. हे मी सुनंदालाही सांगितलं नव्हतं. बोलताना टेबलावरचा पाण्याचा ग्लास धरला, तर पाणी सांडायला लागलं. बाईंनी लिहिणं थांबवलं, ग्लास सरळ केला आणि वाट बघत बसल्या.

त्यांनी पीटीएसडी लिहिलंय, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर जडणारा मनाचा आजार. ट्रकचा हॉर्न वाजला की घाम फुटतो, घाटाच्या रस्त्यानं जात नाही, सगळं त्यात आहे. नुसता दाखला पुरत नाही, बाईंना साक्षीला यावं लागेल. येते म्हणाल्यात.

तर काळजी ही. मेव्हणे म्हणतात, हा कागद फायलीत लावू नका, गावात वेडा म्हणतील, उद्या पोरीचं लग्न करायचंय. विमा कंपनीचा वकील भर कोर्टात उलटतपासणीत त्या रात्रीची चिरफाड करेल, तेव्हा पाप्याच्या आईसमोर मी काय बोलू? ती प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर बसते. पण कागद लावला नाही तर माझं नुकसान फक्त गुडघ्याएवढंच झालं, असं मीच मान्य केल्यासारखं होईल. ते खोटं आहे आणि ते तुला माहीत आहे. चार रात्री हेच डोक्यात फिरतंय. सुनंदा म्हणते, लावा. मलाही तेच वाटतं, पण एकट्यानं धीर होत नाही.

तुझ्या सुरतच्या नोकरीचं कळलं, बरं झालं. वहिनींना नमस्कार, पिंट्याला दहावीसाठी आशीर्वाद.

पुढची तारीख १८ ला आहे. तू साक्ष देशील का? अपघाताची नको, ती पोलिसांच्या कागदात आहे. मी आधी कसा होतो, तेवढं सांग. रात्रभर गाडी हाकून सकाळी शंकराच्या देवळापाशी चहा पिताना मी किती बडबड करायचो, ते सांग.

तुझा,
बाळ्या