सूचना : रविवारची तलवारबाजीची क्लब स्पर्धा

सर्व पालक आणि खेळाडूंना नमस्कार.

येत्या रविवारी साताऱ्यात आपल्याच हॉलवर १४ वर्षांखालील मुलामुलींची स्पर्धा आहे, फॉइल आणि एपी या दोन प्रकारच्या तलवारींची. हजेरी सकाळी ७.३० ला. वाई, कोरेगावहून येणाऱ्यांनी पहिली एसटी धरावी, पूल म्हणजे गट लागले की नाव घालता येत नाही.

सहा जणांचा पूल, म्हणजे प्रत्येकाला पाच लढती नक्की. लढत ५ टच (तलवारीचा स्पर्श, म्हणजे एक गुण) किंवा ३ मिनिटं. नवख्या पोराला लढतीच हव्यात, त्याही वरचेवर आणि घराजवळ. नुसत्या फूटवर्कने लढतीची भीती जात नाही.

मागच्या खेपेला एका मुलीची बॉडी वायर (तलवारीला जोडलेली, कपड्यांआतून जाणारी तार) ऐन एपीच्या लढतीत तुटली. टचचा दिवा लागेना आणि तिला वाटलं, आपलाच टच चुकतोय. डोळे भरून आले होते तिचे. म्हणून वायरी शनिवारीच तपासून घेऊ. फॉइलचं टोक ५०० ग्रॅमचं आणि एपीचं ७५० ग्रॅमचं वजन उचलतं का, तेही बघू. जाळी दबलेला मास्क चालणार नाही.

भारताची तलवारबाज भवानी देवी टोकियो ऑलिंपिकमध्ये सेबर, म्हणजे तिसऱ्या प्रकारची तलवार, खेळली म्हणून काही मुली सेबरच मागतात. त्यांच्या लढती पुढच्या महिन्यात नक्की घेऊ.

पालकांना हात जोडून विनंती, पिस्टजवळून (लढतीच्या पट्ट्याजवळून) सूचना देऊ नका. टच खाल्ला की पोर आधी तुमच्याकडे बघतं आणि पुढचा टचही जातो. हरलं तरी मास्क काढून सलामी आणि हस्तांदोलन झालंच पाहिजे.

पंचांच्या मदतीला मोठी मुलं हवी आहेत. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.