तेरुएल एका दिवसात उरकत नाही

माननीय संपादक,

स्पेनच्या सहलीवरील मराठी लेखांत तेरुएल प्रांत आलाच, तर ‘माद्रिदहून एका दिवसात करता येईल’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. शिवाय तिथले मनोरे ‘अरबांच्या राजवटीत बांधले’ असेही बिनदिक्कत छापले जाते.

आरागोनचा ख्रिस्ती राजा दुसरा अल्फोन्सो याने तेरुएल घेतले ११७१ मध्ये. मनोरे त्यानंतरचे, १३व्या-१४व्या शतकातले. ते चर्चचे घंटाघर आहेत. घडण मात्र मुस्लिम कारागिरीची. सान मार्तिन आणि एल साल्वादोर या दोन्ही घंटाघरांत एका मनोऱ्याच्या पोटात दुसरा मनोरा आहे आणि दोहोंमधल्या जागेतून जिना वर जातो. मिनाराची ही जुनी रीत. खालच्या कमानीतून चक्क रस्ता जातो. सान मार्तिनचा पाया खचू लागला तेव्हा १६व्या शतकाच्या मध्यास पिएरेस वेदेल या फ्रेंच स्थापत्यकाराने तो दगडाने भक्कम केला. हिरव्या-पांढऱ्या चकाकत्या फरशा लांबूनही दिसतात, पण विटांची उठावाची नक्षी कळते ती तिरप्या उन्हात. भर दुपारी ती सपाट दिसते. आत चढायचे तर एल साल्वादोर.

कॅथेड्रलचे लाकडी छत ही प्रांतातली सर्वांत मोलाची वस्तू, असे आमचे मत. ते नुसती शोभा नाही, छपराचा भार खरोखर पेलते. त्यावर घोडेस्वार आहेत, वादक आहेत, आणि हातात हत्यारे घेऊन काम करणारे सुतारही! पुढे खाली गिलाव्याची कमान घातली गेली आणि तिच्याआड ते दीर्घकाळ झाकलेले राहिले. चित्रे उंचावर आहेत, दुर्बीण न्याच.

आता एका दिवसाचा हिशेब. माद्रिदहून थेट रेल्वे नाही. गाडी धावते ती सारागोसा-वालेन्सिया मार्गावर. बसला एका बाजूने सुमारे चार तास लागतात. म्हणजे सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचतो, तेव्हा बहुतेक दारे दोनच्या सुमारास बंद झालेली असतात. ती उघडेपर्यंत परतीच्या बसची घाई. किमान दोन मुक्काम हवेत, आल्बारासिन या डोंगरावरच्या जुन्या गावासाठी तिसरा.

आल्बारासिन तेरुएलपासून जेमतेम ४० किलोमीटरवर, पण बस दिवसाला एखादीच, रविवारी तर तिचा भरवसा नको. भाड्याची मोटार बरी. ती खाली नदीकाठी लावून चालत चढावे. वरच्या गल्ल्या दोन माणसे शेजारून जेमतेम जातील इतक्या अरुंद. घरांचा गुलाबी रंग वरून दिलेला नाही, तो तिथल्या लोहयुक्त जिप्समच्या गिलाव्याचा. लाकडी सांगाड्यावरचा हा गिलावा हलका असतो, म्हणून वरचे मजले गल्लीवर पुढे झुकवता आले.

जवळच्या रोदेनोच्या पाइनवनात तांबड्या वालुकाश्मावर पांढऱ्या बैलांची प्रागैतिहासिक चित्रे आहेत. ती फिकट आहेत, उन्हात नजर दिपते. ढगाळ वेळ उत्तम. पूर्वी लोक रंग उठून दिसावा म्हणून अशा चित्रांवर पाणी शिंपडत, त्याने चुन्याचा थर चढून चित्रे आणखी मंद होत. म्हणून कठड्याबाहेरूनच पाहावे. गिर्यारोहकांनीही पाऊस पडून गेल्यावर खडक पुरता सुकेपर्यंत थांबावे. ओला वालुकाश्म ठिसूळ होतो आणि हाताने धरलेला कंगोराच तुटून येतो.

– आपले काही वाचक